कॉलेज कोणत्या गावचं?

बारावीचा निकाल लागला की विजयदुर्ग, गिर्ये, पडेल, तिर्लोट या पट्ट्यात घरोघरी एकच प्रश्न असतो : ‘झिलाक मुंबैक धाडू, काय हयसरच शिकवू?’ मुलगी असेल तर हाच प्रश्न जरा हलक्या आवाजात विचारला जातो. गुणांची अडचण सहसा नसते. राज्यातल्या नऊ विभागीय मंडळांत कोकण मंडळाचा निकाल वर्षानुवर्षं सगळ्यांत वर असतो. अडचण सुरू होते ती पुढे. आणि तिचं उत्तर बहुतेक घरांत एकाच गोष्टीवर ठरतं : मुंबईत आपल्या कुणाची खोली आहे? काका डोंबिवलीला राहत असतील तर मुलगा डोंबिवलीला जातो आणि तिथून जे कॉलेज पदरात पडेल ते घेतो. कुणी नसेल तर देवगड.

आधी खोली ठरते, मग कॉलेज. कॉलेज ज्या जागी उभं आहे ती जागा मुलाला काय देणार आणि त्याच्याकडून काय घेणार, हा विचार मधल्या मधे राहून जातो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वर्गातले चार-पाच तास सगळीकडे बरेचसे सारखे असतात. उरलेले एकोणीस तास जागा ठरवते, आणि निवड करताना हिशोब त्या एकोणीस तासांचा मांडायला हवा. या प्रकरणात तो टप्प्याटप्प्याने मांडू.

१. तीन जागा आणि त्यांच्या सरकत्या हद्दी

ढोबळमानाने कॉलेजच्या जागा तीन. पहिली भर शहरातली : मुंबईतलं चर्चगेट किंवा पुण्यातला डेक्कनचा भाग. दुसरी शहराच्या कडेची : नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पुण्याजवळचं वाघोली. तिसरी गावातली किंवा लहान तालुक्यातली. माणगावजवळचं लोणेरे घ्या. १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. आवाराबाहेर पडलं की भातशेती आणि डोंगर.

आपल्या सिंधुदुर्गात या तीन जागा अशा सरळ सापडत नाहीत. जिल्ह्यात मोठं शहर नाही, त्यामुळे उपनगरही नाही. इथे मधली जागा म्हणजे कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, किंवा खाडीपलीकडची रत्नागिरी. बाजार आहे, रेल्वे आहे, दवाखाने आहेत, आणि संध्याकाळी चालत गावाबाहेर जाता येतं. विजयदुर्गच्या मुलाला निवड करायची असते ती देवगड, कुडाळ-रत्नागिरी, मुंबईची उपनगरं आणि खास मुंबई-पुणं अशा चार पायऱ्यांमधून.

या हद्दी कायमच्या नसतात, हेही ध्यानात ठेवावं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये पुण्यातल्या पेठेतल्या वाड्यात सुरू झालं. पुढे ते गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी गेलं. आज त्याच्या दारातला रस्ता पुण्यातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. मुंबईच्या आयआयटीचे वर्ग १९५८ साली वरळीत भरले. मग पवई तलावाकाठी साडेपाचशे एकरांच्या आसपास जागा मिळाली आणि १९५९ मध्ये पंडित नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली. तेव्हा पवई मुंबईबाहेरचं रान होतं, आज चारही बाजूंनी मुंबई आहे. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये मुद्दाम सांगली आणि मिरज यांच्या मधे, विश्रामबागेला उभारलं. पुढे दोन्ही गावं वाढत वाढत तिथे येऊन भिडली. आजोबांनी ‘ते लांब रानात आहे’ म्हणून सांगितलेलं कॉलेज आज मेट्रोच्या स्टेशनाशेजारी असू शकतं.

शहरांच्या कडेला इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं कशी आली, हेही एकदा समजून घेण्यासारखं आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कॉलेजला एकर-एकर जमीन लागणार, आणि ती शहरात परवडणार नाही. म्हणून संस्था शहराबाहेर गेल्या. कॉलेजची जागा निवडताना विद्यार्थ्याचा दिवस कसा जाईल, यापेक्षा जमिनीचा भाव आधी पाहिला गेला. त्यातली काही कॉलेजं उत्तम निघाली. पण जाहिरातीत ‘निसर्गरम्य परिसर’ असं वाचलं तर त्या परिसरातून शेवटची बस किती वाजता सुटते, ते विचारावंच.

२. पदवीवर नाव कुणाचं?

पालकांच्या मनात एक भीती असते. देवगडचं कॉलेज म्हणजे गावची पदवी, आणि मुंबईचं म्हणजे मुंबईची. इथे थोडा इतिहास कामाला येतो.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं स्थापन झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये विद्यार्थी विद्यापीठाच्या गावातच राहतात आणि तिथेच शिकतात. १८३६ साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाची रीत वेगळी होती. शिकवणार वेगवेगळी कॉलेजं. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवणार, परीक्षा घेणार आणि पदवी देणार. मुंबई विद्यापीठाने हीच रीत उचलली. स्वतः शिकवणारे विभाग त्याने पुढे विसाव्या शतकात काढले. कॉलेज कुठेही असलं तरी परीक्षा आणि पदवी एकच, ही व्यवस्था तिथून आली.

आजही मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं आहे आणि रत्नागिरीला त्याचं उपकेंद्र आहे. देवगडच्या केळकर महाविद्यालयातली, मालवणच्या स. का. पाटील महाविद्यालयातली किंवा सावंतवाडीच्या श्री पंचम खेमराज महाविद्यालयातली बी.एस्सी. ही मुंबई विद्यापीठाचीच बी.एस्सी. असते. नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जात विद्यापीठाच्या रकान्यात तेच नाव येतं.

यात एक फरक मात्र पडला आहे. काही कॉलेजं आता स्वायत्त झाली आहेत. झेवियर्स २०१० मध्ये झालं, नंतर रुईयासारखी आणखी झाली. पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. शिवाय एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही जुनी सरकारी कॉलेजं २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. अशा ठिकाणी अभ्यासक्रम नवा करायला मोकळीक असते, आणि याचा फायदा खरा आहे. म्हणून मुंबईला जायचं म्हणणाऱ्याने ‘कोणतं कॉलेज?’ याचं उत्तर आधी द्यावं. मुंबईतल्या एखाद्या साध्या संलग्न कॉलेजात बी.कॉम. करण्यासाठी विजयदुर्ग सोडायचं असेल, तर अभ्यासक्रम तोच आणि परीक्षाही तीच. मग सोडायचं कारण दुसरं काही असायला हवं.

३. विषयाला जागा लागते का?

माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यांत मोठा, आणि त्याचं उदाहरण विजयदुर्गच्या किल्ल्यावरच आहे.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली इथूनच हेलियमचा शोध लावला, असं गावात आणि वर्तमानपत्रांतही सांगितलं जातं. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, आपल्या दुर्बिणीला वर्णपटमापक जोडून सूर्याच्या कडेचा प्रकाश इंग्लंडातूनच तपासला. विजयदुर्गला तो आला ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या दिवशी चंद्राची सावली या किनाऱ्यावरून जाणार होती, आणि सावली लंडनला बोलावून घेता येत नाही.

एकाच माणसाची ही दोन कामं. एक घराजवळच्या दुर्बिणीतून झालं. दुसऱ्यासाठी समुद्र ओलांडून आपल्या किल्ल्यावर यावं लागलं. अभ्यासाचे विषय निवडतानाही हेच पाहायचं. माझा विषय जागेला बांधलेला आहे, की तो कुठेही करता येतो?

शेतीचा विषय जागेला बांधलेला. १८६२ साली अमेरिकेत अब्राहम लिंकनच्या सहीने एक कायदा झाला. त्याने प्रत्येक राज्याला सरकारी जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला लावली. त्यातली कित्येक लहान गावांत निघाली. भुईमुगावरच्या कामासाठी ओळखला जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ज्या एम्स गावी शिकला, तिथलं कॉलेज याच कायद्यातलं. भारतातली कृषी विद्यापीठं याच धर्तीवर उभी राहिली : १९६० मध्ये पंतनगर, १९६८ मध्ये राहुरी आणि १९७२ मध्ये आपलं दापोली. दापोलीचं विद्यापीठ डोंगरावर, लहान गावात आहे, कारण कोकणातली माती, पाऊस आणि उतार तिथेच आहेत. याच विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये ‘सिंधू’ हा आंबा दिला. विजयदुर्गजवळ रामेश्वरला त्याचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे. मुळदेला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय. घरी कलमांची बाग किंवा होडी असलेल्या मुलाला या विषयांची आवड असेल, तर त्याने मुंबईच्या उपनगरात जाऊन साधी बी.एस्सी. करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. ज्या जागेसाठी लोक लांबून इथे येतात, ती तो सोडून जात असतो.

कायदा उलट दिशेने बांधलेला. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं, चर्चगेटला. वर्ग सकाळी उरकतात आणि उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करायची, सुनावण्या ऐकायच्या. पुस्तकं घरी वाचता येतात, पण उलटतपासणी कशी घेतात ते न्यायालयात बसूनच कळतं. चित्रकला, वास्तुकला, नाट्य, पत्रकारिता यांचंही थोड्याफार फरकाने असंच. वैद्यकाला शहरापेक्षा रुग्ण लागतात, भरपूर आणि वेगवेगळे. सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तेव्हा तो विषय पूर्वीइतका शहराला बांधलेला राहिला नाही.

गणित, वाणिज्य, भाषा, संगणकशास्त्राची पहिली वर्षं हे बरेचसे सुटे विषय. चांगले शिक्षक, वाचनालय, वीज आणि इंटरनेट एवढं मिळालं की जागा दुय्यम ठरते. वीज आणि इंटरनेट मी मुद्दाम मोजतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा देवगड-मालवण पट्ट्यात गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात होती, आणि ती वर्षं ऑनलाइन वर्गांची होती.

काही विषय बाहेरून सुटे दिसतात पण आतून बांधलेले असतात. इतिहासच पाहा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. त्यात विजयदुर्ग आहे आणि सिंधुदुर्गही. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि समाजाशी जोडलेलं काम यांना श्रेयांक आहेत. देवगडला इतिहास शिकणाऱ्या मुलीला किल्ल्याची तटबंदी, आरमाराची गोदी आणि खाडीकाठच्या जुन्या बंदराच्या आठवणी यांवर प्रकल्प करता येतो. मालवणच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या दारात १९८७ साली घोषित झालेलं सागरी अभयारण्य आहे. शहरातल्या विद्यार्थ्याला यासाठी वर्षातून एकदा सहल काढावी लागते.

मात्र लहान कॉलेजची मर्यादाही इथेच दिसते. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि खुले विषय निवडायचे असतात. मोठ्या कॉलेजात निवड असते. लहान कॉलेजात जेवढे शिक्षक तेवढेच विषय, आणि त्यातले काही शिक्षक तासिका तत्त्वावर. प्रवेशाआधी हा एक प्रश्न निःसंकोच विचारावा : माझ्या विषयाला कायम शिक्षक किती?

४. दिवसातले तास

आता थोडं गणित. विद्यापीठाच्या वर्षात शिकवण्याचे साधारण १८० दिवस धरतात. तीन विद्यार्थी कल्पू या.

पहिली विजयदुर्गला घरी राहते आणि एसटीने देवगडला जाते. वाट पाहण्यासकट जाऊन-येऊन रोजचे तीन तास. वर्षाचे ५४० तास.

दुसरा बदलापूरला मामांकडे राहतो आणि चर्चगेटच्या कॉलेजात जातो. घर ते स्टेशन, लोकल, दादरला गाडी बदलणं, मग चालणं. एका दिशेला दोन तास. दिवसाचे चार, वर्षाचे ७२० तास.

तिसरा लोणेऱ्यासारख्या आवारात वसतिगृहात राहतो. दिवसाला वीस मिनिटं. वर्षाचे ६० तास.

दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ६६० तासांचा फरक पडला. दिवसाला सहा तास अभ्यास धरला तर हे ११० दिवस होतात. साडेतीन महिन्यांहून अधिक, दरवर्षी. आता सांगा, शहरातलं कॉलेज नक्की कुणाला मिळालं? बदलापूरच्या मुलाच्या कॉलेजजवळ एशियाटिकचं ग्रंथालय आहे, व्याख्यानं आहेत, प्रदर्शनं आहेत. पण ती संध्याकाळी असतात आणि त्या वेळी हा मुलगा लोकलच्या दारात उभा असतो. शहराचा खर्च तो करतो आणि शहराचा लाभ दुसराच कुणी घेतो. कोकणातून मुंबईला गेलेल्या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान या एका गोष्टीने होतं, असं मला मनापासून वाटतं. कॉलेज शहरात आणि राहणं तिसऱ्या उपनगरात, ही रचना शक्य तोवर टाळावी. एक तर कॉलेजजवळ राहायला मिळावं, नाही तर जिथे राहायला मिळतंय तिथलंच चांगलं कॉलेज शोधावं. ठाणे, डोंबिवली, वाशी, पनवेल इथे चांगली कॉलेजं आहेत.

पहिल्या मुलीची अडचण निराळी. तिचे तास कमी जातात, पण तिचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. प्रयोगशाळा साडेचारला संपत असेल आणि गाडी चारची असेल, तर दर आठवड्याला एक प्रयोग अर्धा राहतो. वाचनालय पाचपर्यंत उघडं असून तिच्या उपयोगाचं नाही. इथे देवगडलाच राहण्याची सोय झाली तर तेच कॉलेज तिच्यासाठी दुप्पट मोठं होतं.

ऋतूंचाही हिशोब करावा. आपल्याकडे मार्च ते मे आंब्याचे. पेट्या भरायला घरात हात हवे असतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या एप्रिल-मेमध्ये येतात. घरी राहणारा मुलगा सकाळी बागेत आणि दुपारी परीक्षेला, हे दृश्य नवीन नाही. काहींना त्याने बळ मिळतं, काहींचे गुण जातात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे होडीवरच्या घरातल्या मुलाला प्रवेशाच्या धावपळीत वडील सोबत मिळतात. एवढीच त्यातली सोय.

५. जागेचा खर्च

फी आणि जागेचा खर्च वेगवेगळे मांडावेत. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठी गोष्ट झाली. पण फी शून्य झाली तरी खाट, जेवण आणि प्रवास शून्य होत नाही. अशा मुलीच्या खर्चात उरतो तो जवळजवळ सगळा जागेचाच.

तो किती? सरकारने स्वतः एक अंदाज बांधलेला आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून रक्कम मिळते. तिचे मूळ दर असे : मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, विभागीय मुख्यालयांत आणि मधल्या महानगरपालिकांत ५१,०००, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. मोठ्या शहरातल्या साठ हजारांत ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाहाचे. जिल्ह्याच्या ठिकाणी तेच आकडे २५,०००, १२,००० आणि ६,०००.

सरकारी हिशोबाने मोठं शहर जिल्ह्याच्या गावापेक्षा वर्षाला १७,००० रुपयांनी महाग. तीन वर्षांत ५१,०००. खरा फरक याहून बराच मोठा आहे. वीस हजारांना बारांनी भागलं तर महिन्याचे सोळाशे-सतराशे रुपये येतात, आणि एवढ्यात मुंबईत खाट मिळत नाही. जेवणाचा फरक आवाक्यात राहतो, खोलीचा राहत नाही. म्हणून शहरातलं कॉलेज परवडतं की नाही, हे वसतिगृहावर ठरतं. प्रवेश मिळाला आणि वसतिगृह मिळालं नाही, तर तो प्रवेश अर्धाच झाला असं धरावं. लालबाग, परळ, गिरगावात कोकणातल्या कित्येक गावांच्या मंडळांनी पूर्वी चाकरमान्यांसाठी खोल्या घेतल्या. त्यांतल्या ज्या अजून हातात आहेत, त्यांतला एखादा कोपरा शिकणाऱ्या मुलांसाठी राखला तर त्याहून मोलाचं काम कुठलंही मंडळ करणार नाही.

शहरात एक गोष्ट मिळते जी गावात मिळत नाही : फावल्या वेळात कमाई. शिकवण्या, दुकानं, कार्यालयं. मात्र इथेही चार तासांचा प्रवास आडवा येतो. गावाकडे एसटीचा विद्यार्थी पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो, घरचं जेवण असतं, आणि विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून थोडी मदत होते. ती कल्पना रुजवली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. साताऱ्याच्या त्यांच्या कॉलेजात मुलं काम करून शिकत, आणि ती बहुतेक खेड्यांतूनच आलेली असत.

६. मुलीला कुठे पाठवायचं?

वर म्हटलं तसं हा प्रश्न हलक्या आवाजात येतो. त्याच्याकडे नीट पाहायला कोकणातल्याच एका माणसाचं काम उपयोगी पडतं.

धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. सार्वजनिक परीक्षा द्यायला ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवले गेले. पुढे रत्नागिरी, मग मुंबई, आणि अखेर पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. शहरात विरोध होता, त्यात प्लेग आला. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, माळावरच्या एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून कर्वे चालत हिंगण्याला जात. त्या काळात त्या स्त्रियांसाठी गावाबाहेरची जागा हेच संरक्षण होतं. तिथे रोज टोमणे मारणारं कुणी नव्हतं.

त्या कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला हललं. आज एसएनडीटीचं एक आवार भर शहरात चर्चगेटला आहे, एक उपनगरात जुहूला आणि एक पुण्यात कर्वे रस्त्यावर. एकाच संस्थेने चाळीस वर्षांत माळावरून महानगरात जागा बदलली. दोन्ही वेळा तिने त्या वेळच्या मुलींना कशाची गरज आहे हे पाहिलं.

आजच्या आईवडिलांनीही ‘शहर वाईट, गाव सुरक्षित’ असं धरून बसू नये. लहान गावात ओळखीचे डोळे सगळीकडे असतात. त्यांची सोबत वाटते आणि काचही होतो. शहरात रात्री नऊलाही गर्दीत मुलगी निर्धास्त चालते, तर लहान गावात कॉलेजपासून स्टँडपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरवर एकही दिवा नसतो. जागेचं नाव विचारून हे कळत नाही. त्या रस्त्याने संध्याकाळी सातला स्वतः चालून पाहावं लागतं.

पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलामुलींबद्दल एक सांगतो. हापूसचं कलम बागेत लावताना पिशवी फाडतात, पण मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देत नाहीत. तो फुटला की कलम पहिल्या पावसातच मान टाकतं. मुंबईला किंवा पुण्याला पाठवताना मुलाबरोबर असा गोळा जाऊ द्यावा. त्याच कॉलेजातला तालुक्यातला एखादा मोठा विद्यार्थी, वसतिगृहात मालवणी बोलणारा खोलीसोबती, महिन्यातून एकदा जेवायला जाता येईल असं नात्यातलं घर. जास्त काही लागत नाही. शहरात नापास झालेल्या मुलांशी बोललं तर अभ्यासाआधी बहुधा एकटेपणाची गोष्ट निघते.

७. जाऊन पाहणं

प्रवेशाआधी एकदा कॉलेज पाहून यावं. रविवारी किंवा उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. जुलैत, भर पावसात, आठवड्याच्या मधल्या दिवशी. वाचनालयात किती मुलं बसली आहेत आणि ते किती वाजता बंद होतं ते पाहावं. प्रयोगशाळेतली उपकरणं कपाटात आहेत की टेबलावर, तेही पाहावं. वसतिगृहाच्या खाणावळीत जेवून यावं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावं की गेल्या वर्षी पास झालेले आता कुठे आहेत. प्राचार्यांचं माहितीपत्रक घरी वाचता येतं, ही उत्तरं तिथेच मिळतात.

८. पाच वर्षांचा हिशोब

पालक बारावीच्या उन्हाळ्यात असा निर्णय घेतात जणू तो आयुष्यभराचा आहे. तो फार तर तीन-चार वर्षांचा असतो. सुट्या विषयात पहिली पदवी देवगड, कुडाळ किंवा रत्नागिरीला, वसतिगृहात राहून. आणि पदव्युत्तर शिक्षण शहरात, चांगल्या संस्थेत. कोकणातल्या सर्वसाधारण उत्पन्नाच्या घरासाठी मी हा क्रम सुचवीन. अठराव्या वर्षी उपनगराच्या लोकलमध्ये जाणारे तास यात वाचतात. एकविसाव्या वर्षी मुलाला आपल्याला काय हवं हे कळलेलं असतं आणि शहर वापरता येतं. बांधलेल्या विषयांना हा क्रम लागू नाही. कायद्याला जाणाऱ्याने शहरातच जावं, शेतीला जाणाऱ्याने दापोली किंवा मुळदे.

हा क्रम जमायला एक तयारी लागते, आणि लहान कॉलेजात ती बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. विज्ञानाच्या पदवीधरांना आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश देणारी ‘जॅम’ ही परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र या सात विषयांत होते. केंद्रीय विद्यापीठांसाठी वेगळी सामाईक परीक्षा आहे. दोन्ही तिसऱ्या वर्षात शिकत असतानाच देता येतात. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तेव्हा देवगडच्या मुलाने तिसऱ्या वर्षाच्या गणपतीच्या सुट्टीत, चाकरमानी घरी आलेले असतात तेव्हाच, अर्जाची कागदपत्रं आणि जातीचा दाखला काढून ठेवावा. ऑक्टोबरच्या अखेरीस चौकशी केली तर मुदत गेलेली असते.